न विचारता बदललेली अक्षरं: वर्ड, एक्सेल आणि मराठी टायपिंगमधला ऑटोकरेक्टचा त्रास कसा आवरायचा

भाडेकरारात कलम ५ लिहून पुढे कंसात इंग्रजी सी टाइप केला, तर कागदावर ‘५©’ उमटतं. एक्सेलच्या सेलमध्ये ७/१२ लिहिलं की तिथे ७ डिसेंबर येऊन बसतो. कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टमध्ये ‘महाराष्ट्र’ टाइप करून स्पेस दाबली की ‘म्हाराष्ट्र’ होतं. तिन्ही वेळा ऑफिसात एकच वाक्य ऐकू येतं, ‘ऑटोकरेक्टने वाट लावली.’ मग कुणीतरी सेटिंगमध्ये शिरतं, दिसतील त्या सगळ्या टिकच्या खुणा काढून टाकतं, आणि एक्सेलमधला सातबारा तरीही डिसेंबरच राहतो.

कारण या तिन्ही ठिकाणी बदल करणारा वेगळा आहे. पहिला बदल ऑटोकरेक्टच्या यादीतून झाला. दुसऱ्याचा ऑटोकरेक्टशी काही संबंध नाही. एक्सेलने आकडा वाचतानाच त्याचा अर्थ ठरवला. तिसऱ्यात वर्डने इंग्रजी वाक्याचं पहिलं अक्षर मोठं केलं, पण तुम्ही इंग्रजी लिहीतच नव्हता. म्हणून आधी बदल कुणी केला ते ओळखायचं आणि फक्त तेवढाच बंद करायचा. सरसकट सगळं बंद करणं मला एकाच परिस्थितीत पटतं, ती पुढे येईल.

खालच्या पायऱ्या विंडोजवरच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि वर्ड-एक्सेल २०१६ पासूनच्या आवृत्त्यांसाठी आहेत. मेनूची नावं इंग्रजी मेनूत दिसतात तशीच, फक्त देवनागरीत लिहिली आहेत.

बदल झाला त्या क्षणी काय करायचं

कंट्रोल आणि झेड. बदल झाल्या झाल्या, पुढचं अक्षर टाइप करण्याआधी. बहुतेकांना वाटतं की याने टाइप केलेला शब्दच जाईल. तसं होत नाही. वर्ड स्वतः केलेली दुरुस्ती ही वेगळी कृती मानतो, त्यामुळे पहिल्या कंट्रोल-झेडला फक्त दुरुस्ती मागे जाते आणि तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं राहतं. वर्षातून दोनदा होणाऱ्या त्रासावर एवढा इलाज पुरे आहे, सेटिंगला हात लावायचं कारण नाही.

तोच बदल रोज छळत असेल तर बदललेल्या शब्दावर माऊस न्या. शब्दाच्या सुरुवातीला खाली एक बारीक निळी पट्टी दिसते. तिच्यावर थांबलं की विजेच्या खुणेचं छोटं बटण येतं, आणि ते दाबलं की तीन पर्याय मिळतात: या वेळेपुरतं मागे घ्या, हा बदल यापुढे करू नका, आणि ऑटोकरेक्टच्या सेटिंगमध्ये न्या. मधला पर्याय सगळ्यात कामाचा आहे, कारण नेमका कोणता नियम लागला हे वर्डला माहीत असतं आणि तो तेवढाच बंद करतो. तुम्हाला पंचवीस खुणांतून शोधत बसावं लागत नाही.

वर्डची खिडकी आणि तिच्यातली फसगत

मुळातून बंदोबस्त करायचा तर रस्ता असा: फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. मॅकवर हेच टूल्स मेनूत ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या नावाने आहे. आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल, एडिटर ऑप्शन्स, प्रूफिंग असं थोडं आत जावं लागतं.

खिडकीत वर टॅब आहेत. त्यातल्या दोघांची नावं जवळजवळ सारखी आहेत, ‘ऑटोफॉर्मॅट’ आणि ‘ऑटोफॉर्मॅट ॲज यू टाइप’, आणि आतल्या खुणाही बऱ्याच सारख्या. टाइप करताना जे घडतं ते दुसऱ्या टॅबवर ठरतं. पहिला टॅब आधीच लिहिलेल्या मजकुरावर एकदम फॉर्मॅटिंग चढवण्याच्या वेगळ्या आज्ञेसाठी आहे, आणि ती आज्ञा हल्ली रिबनवर दिसतही नाही. ‘मी खूण काढली तरी फरक नाही’ अशी तक्रार आली, तर खूण चुकीच्या टॅबवर काढली गेली असण्याची शक्यता दाट.

‘ऑटोकरेक्ट’ टॅबवर दोन गोष्टी आहेत. वरच्या भागात मोठ्या अक्षरांचे नियम: वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणे, टेबलच्या प्रत्येक सेलचं पहिलं अक्षर मोठं करणे, सुरुवातीची दोन मोठी अक्षरं आली तर दुसरं लहान करणे, वारांची नावं मोठ्या अक्षराने सुरू करणे. खालच्या भागात ‘हे टाइप केलं तर ते घाला’ अशा जोड्यांची लांबलचक यादी. © चा उगम इथे आहे, यादीच्या अगदी वर. कायद्याचा मसुदा, सोसायटीचे उपविधी, निविदा अशी कामं करणाऱ्याने ती ओळ निवडून डिलीट करावी. कंसातला आर ® होतो आणि कंसातले टी-एम ™ होतात, त्या ओळीही नको असतील तर लगेच काढा. यादी सगळ्या ऑफिस प्रोग्रॅमची मिळून एकच आहे. वर्डमध्ये काढलेली ओळ एक्सेल, पॉवरपॉइंट आणि आउटलुकमधूनही जाते. सहसा ते हवंच असतं.

मोठ्या अक्षराचा नियम पूर्ण बंद करण्यापेक्षा शेजारचं ‘एक्सेप्शन्स’ बटण वापरा. इंग्रजी पत्त्यात ‘ताल.’ किंवा ‘डिस्ट.’ असं संक्षिप्त रूप आलं की टिंबामुळे वर्डला वाक्य संपल्यासारखं वाटतं आणि तो पुढचा शब्द मोठ्या अक्षराने सुरू करतो. अशी रूपं ‘फर्स्ट लेटर’ या अपवादांच्या यादीत टाका. दोन मोठ्या अक्षरांनी सुरू होणारी नावं आणि पदव्या पुढच्या यादीत. दहा मिनिटांचं काम, पण इंग्रजी पत्रव्यवहार बराच असेल तर वसूल होतं.

याच टॅबवर तळाशी स्पेलचेकरच्या सूचना आपोआप वापरण्याची एक खूण असते. ती काढाच. ब्रसेल्समधल्या युरोपीय संघाच्या इंग्रजी कागदपत्रांत ‘कोऑपरेशन’च्या जागी ‘क्युपर्टिनो’ छापलं गेल्याची उदाहरणं प्रसिद्ध आहेत. स्पेलचेकरच्या शब्दसंग्रहात तो शब्द फक्त जोडरेघेसह होता, आणि ॲपलचं मुख्यालय असलेलं ते गाव त्याला जवळचं वाटलं. आपली आडनावं, गावं, नद्या इंग्रजीत लिहिताना स्पेलचेकरला अशी संधी द्यायलाच नको.

टाइप करता करता होणारी सजावट

आता ‘ऑटोफॉर्मॅट ॲज यू टाइप’. रोजचा निम्मा वैताग या टॅबवर राहतो.

तीन जोडरेघा टाइप करून एंटर दाबला की पानभर आडवी रेघ येते. ती निवडता येत नाही, पुसता येत नाही, आणि माणसं हैराण होतात. ती मुळात अक्षर नाही, वरच्या परिच्छेदाची खालची किनार आहे. कर्सर त्या वरच्या ओळीत ठेवा, होम टॅबवरच्या बॉर्डर्समधून ‘नो बॉर्डर’ निवडा, रेघ जाते. बरोबरची चिन्हं, तारे किंवा सहीच्या जागेसाठी मारलेल्या तीन अंडरस्कोअरनेही हेच होतं. अर्जांत आणि प्रतिज्ञापत्रांत सहीची जागा अशीच मारायची सवय असेल तर ‘बॉर्डर लाइन्स’ची खूण काढून टाका.

१ आणि टिंब लिहून स्पेस दिली की यादी सुरू होते. ही सोय मी बंद करत नाही, कारण मधला मुद्दा काढला तर पुढचे क्रमांक आपोआप सरकतात. मुद्द्याच्या आतच क्रमांकाशिवाय नवी ओळ हवी तर शिफ्ट-एंटर. सरकारी पत्रात ‘संदर्भ’ या शब्दाखाली क्रमांक हाताने घालायचे असतील, तर तेवढ्यापुरतं कंट्रोल-झेड.

परिच्छेदाच्या सुरुवातीला टॅब दाबल्यावर सगळा परिच्छेद आत सरकत असेल, तर तळाच्या गटात टॅब आणि बॅकस्पेसने इंडेंट ठरवण्याची खूण आहे, ती काढा. तिच्याच शेजारी ‘डिफाइन स्टाइल्स बेस्ड ऑन युअर फॉर्मॅटिंग’ आहे, तीही. आणि एक परिच्छेद ठळक केला की अख्खा दस्तऐवज ठळक होतो, हा प्रकार मात्र या खिडकीत सापडणार नाही. तो स्टाइलमधला आहे: होमवरच्या स्टाइल्समध्ये त्या स्टाइलवर उजवी क्लिक, मॉडिफाय, आणि खाली ‘ऑटोमॅटिकली अपडेट’ची खूण काढायची. दुसऱ्या ऑफिसातून आलेल्या नमुना पत्रांत ही खूण हमखास असते.

पॉवरपॉइंटमध्ये मजकूर वाढला की अक्षरं बारीक होत जातात. तिथेही हाच टॅब उघडा आणि ‘ऑटोफिट’च्या दोन खुणा काढा, एक शीर्षकासाठी, एक मजकुरासाठी. मग मजकूर चौकटीबाहेर सांडेल. स्लाइडवर जास्त लिहिलंय हे निदान दिसेल तरी.

राहिली गोल अवतरणचिन्हं. छापील मजकुरात ती शोभतात, म्हणून साध्या पत्रलेखनासाठी चालू ठेवावीत. मात्र वर्डमध्ये एक्सेलचं सूत्र, डेटाबेसची आज्ञा किंवा प्रोग्रॅमचा तुकडा लिहून तिथून कॉपी करणाऱ्यांना ती अडवतात. सूत्राला सरळ अवतरणचिन्ह लागतं, गोल चिन्ह दिलं की एक्सेल चूक दाखवतं. दोन जोडरेघांची एक लांब रेघ होते, त्यानेही आज्ञा मोडते. असा मजकूर नोटपॅडमध्ये लिहिलेला बरा. विंडोज ११च्या नव्या नोटपॅडमध्येही आता स्पेलचेक आणि ऑटोकरेक्ट आलंय, ते त्याच्याच सेटिंगमधून बंद होतं.

कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएम: इथे मात्र सगळंच बंद करा

जुन्या मराठी फॉन्टमध्ये संगणकाला मराठी दिसतच नाही. आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, फक्त त्याचं चित्र देवनागरी. कृतिदेवमध्ये लहान ‘ई’च्या कळीवर पूर्ण म आहे आणि मोठ्या ‘ई’वर अर्धा म. तुम्ही परिच्छेदाच्या सुरुवातीला ‘महाराष्ट्र’ लिहिता, वर्डला ते लहान अक्षराने सुरू झालेलं इंग्रजी वाक्य वाटतं, स्पेस पडताच तो पहिलं अक्षर मोठं करतो, आणि ‘म्हाराष्ट्र’ तयार होतो. त, न, प, स यांचंही तसंच: लहान अक्षरावर पूर्ण, मोठ्यावर अर्धं. टेबलमध्ये तर प्रत्येक सेलची सुरुवात हा नव्या वाक्याचा आरंभ धरला जातो, म्हणून नावांच्या यादीत ओळीने सगळ्यांची पहिली अक्षरं अर्धी झालेली दिसतात.

याच शब्दात दुसरा धोकाही आहे. कृतिदेवमध्ये अर्धा ष दुहेरी अवतरणचिन्हाच्या कळीवर आहे, अर्धा श एकेरीच्या. वर्डने सरळ चिन्हाचं गोल चिन्ह केलं की आतलं अक्षरच बदलतं. पडद्यावर ते कधी खटकतं, कधी खटकत नाही, पण पुढे तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, नेताना श-षची गफलत होते. शोधताना अर्धी उदाहरणं सापडतात आणि अर्धी सापडत नाहीत, त्याचंही कारण बऱ्याचदा हेच.

म्हणून जुन्या फॉन्टचं काम ज्या संगणकावर चालतं, तिथे ऑटोकरेक्ट टॅबवरच्या सगळ्या खुणा काढा, ‘ऑटोफॉर्मॅट ॲज यू टाइप’वरच्याही सगळ्या. एक-एक तपासत बसू नका, कारण इंग्रजीसाठी केलेला कोणताही नियम त्या मजकुरावर चुकीचाच लागणार. ही सेटिंग फाइलबरोबर जात नाहीत, वापरणाऱ्याच्या विंडोज खात्याबरोबर राहतात. फाइल दुसऱ्या टेबलावर गेली आणि तिथल्या माणसाने दोन ओळी वाढवल्या, तर त्या दोन ओळींवर त्याच्या संगणकाचे नियम लागतात. नुसती फाइल उघडल्याने जुना मजकूर बदलत नाही, एवढा दिलासा आहे.

नवीन काम युनिकोडमध्ये करणाऱ्यांना हा त्रास नाही. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नसल्यामुळे निम्मे नियम निकामी होतात. त्यांची तक्रार निराळी असते, सगळ्या मजकुराखाली लाल नागमोडी रेघा. मजकुराची भाषा वर्डने इंग्रजी किंवा हिंदी धरली की असं होतं. सगळा मजकूर निवडा, रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज, आणि तिथे मराठी निवडा. ‘डिटेक्ट लँग्वेज ऑटोमॅटिकली’ची खूण काढा, नाहीतर काही ओळींनंतर भाषा पुन्हा हलते. मराठी तपासणीचं पॅक मायक्रोसॉफ्टकडून वेगळं उतरवता येतं. ते नको असेल तर याच खिडकीत शुद्धलेखन न तपासण्याची खूण आहे.

बिघडलेला जुना दस्तऐवज साफ करताना

कंट्रोल-एच उघडा. © च्या जागी कंसातला सी घालायचा असेल तर सरळ शोधा आणि बदला. फक्त ‘रिप्लेस ऑल’ करू नका, एखाद्या पानाच्या तळाशी खरोखरचं © असू शकतं.

सगळी गोल अवतरणचिन्हं सरळ करायची असतील तर एक युक्ती आहे. आधी ऑटोफॉर्मॅटमधली गोल चिन्हांची खूण काढा. मग शोधायच्या आणि बदलायच्या दोन्ही चौकटींत तेच साधं दुहेरी चिन्ह टाइप करून ‘रिप्लेस ऑल’ दाबा. वर्ड शोधताना दोन्ही प्रकार एकच मानतो आणि घालताना चालू सेटिंगप्रमाणे घालतो, त्यामुळे सगळी सरळ होतात. खूण चालू ठेवून हेच केलं तर सगळी गोल. एकेरी चिन्हांसाठी पुन्हा एकदा.

एक्सेल: इथे दुरुस्ती नाही, फक्त खबरदारी

वर्डमध्ये बदल दिसतो आणि मागे घेता येतो. एक्सेलमध्ये तुम्ही एंटर दाबता त्याच क्षणी आकड्याचं रूप ठरतं, आणि मूळ काय लिहिलं होतं याची नोंद कुठेच राहत नाही. कंट्रोल-झेड दाबलं तर सगळी नोंदच जाते.

जमिनीच्या याद्या करणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त भोवतं. भारतीय तारीख-पद्धत असेल तर ७/१२ चा ७ डिसेंबर होतो, अमेरिकी असेल तर १२ जुलै. हिस्सा ५/२ म्हणजे ५ फेब्रुवारी. इयत्ता ५-८ म्हणजे ५ ऑगस्ट. गट १२/४५ मध्ये ४५ हा महिना होऊ शकत नाही, म्हणून एक्सेल ते डिसेंबर १९४५ असं वाचतं. १२५/२ मात्र कोणत्याच तारखेत बसत नाही, म्हणून तसंच राहतं. एकाच रकान्यात काही बिघडलेलं आणि काही धड, त्यामुळे वरवर नजर टाकून कळत नाही. ओळखायची खूण अशी: आकडे आणि तारखा सेलमध्ये उजवीकडे सरकतात, मजकूर डावीकडे. गट क्रमांकांच्या रकान्यात काही नोंदी उजवीकडे दिसल्या की त्या बदललेल्या आहेत.

मग लोक सेलचं फॉर्मॅट ‘टेक्स्ट’ करतात आणि समोर ४५९९८सारखा आकडा येतो. ते ७ डिसेंबर २०२५ आहे. एक्सेल तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० ला एक धरून मोजलेले दिवस ठेवतं, आणि टेक्स्ट केल्यावर आतला तो आकडा उघडा पडतो. फॉर्मॅट नोंदीनंतर बदलून उपयोग नाही, आधी बदलायचं असतं.

तेव्हा नोंदी सुरू करण्यापूर्वी:

१. गट क्रमांक, सर्व्हे क्रमांक, फोन, खाते क्रमांक, प्रवेश क्रमांक असे सगळे रकाने निवडा.
२. कंट्रोल-१ दाबा, नंबर टॅबवर ‘टेक्स्ट’ निवडा, ओके.
३. आता टाइप करा. एखाद-दुसऱ्या सेलसाठी एवढं नको असेल तर आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह द्या. ते छापलं जात नाही, पण एक्सेल पुढचा सगळा भाग मजकूर मानतं.

सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येईल आणि ‘कन्व्हर्ट टू नंबर’ असं सुचवलं जाईल. त्याला भुलू नका. ज्याची कधी बेरीज करायची नाही ते एक्सेलच्या दृष्टीने मजकूरच असलेलं बरं. ज्यांची बेरीज करायची आहे ते रकाने मात्र टेक्स्ट करू नका, टेक्स्ट आकड्यांना सम फंक्शन मोजतच नाही आणि बेरीज गुपचूप कमी येते.

टेक्स्ट न केल्यास आणखी दोन गोष्टी घडतात. सुरुवातीचं शून्य जातं: कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१ चा २३१ होतो. आणि मोठे आकडे कापले जातात. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूक असतं, सोळाव्यापासून सगळे अंक शून्य. बारा अंकी आधार क्रमांक फक्त विचित्र दिसतो, मध्ये ‘ई’ घालून लिहिलेला, पण आत शाबूत असतो. रकान्याचं फॉर्मॅट ‘नंबर’ करून दशांश शून्य ठेवले की परत दिसतो. शाळांच्या सरल नोंदीतला विद्यार्थी क्रमांक मात्र एकोणीस अंकी आहे. त्याचे शेवटचे चार अंक कायमचे शून्य होतात, आणि ज्या मुलांचे पहिले पंधरा अंक सारखे आहेत त्या सगळ्यांचा क्रमांक एकच होऊन बसतो. ते परत मिळवायला मूळ नोंदवहीच उघडावी लागते.

तारखा झालेले क्रमांक काही प्रमाणात वाचवता येतात. बाजूच्या रकान्यात टेक्स्ट फंक्शन वापरा, आधी सेलचा पत्ता आणि मग नमुना म्हणून अवतरणात ‘डी/एम’, इंग्रजी अक्षरांत. ७ डिसेंबरचं पुन्हा ७/१२ मिळतं. नंतर तो रकाना कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून ‘व्हॅल्यूज’ म्हणून चिकटवा. पण डिसेंबर १९४५ झालेल्या गट १२/४५ वर हाच उपाय केला तर १/१२ मिळेल, आणि ते चूक आहे. आधी त्या रकान्याला वर्षासह तारखेचं फॉर्मॅट द्या, ज्यांचं वर्ष चालू नाही अशा नोंदी बाजूला काढा आणि त्या कागदावरून तपासा.

ही तक्रार आपल्याकडचीच आहे असं नाही. जनुकांच्या ‘सेप्ट१’, ‘मार्च१’ अशा नावांच्या एक्सेलमध्ये तारखा होत होत्या. जीनोम बायॉलॉजी या नियतकालिकातल्या २०१६च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली, ‘सेप्टिन१’ आणि ‘मार्चएफ१’. सॉफ्टवेअर बदलेना म्हणून शास्त्राने नावं बदलली! त्यानंतर, २०२३च्या अखेरीस, मायक्रोसॉफ्टने मायक्रोसॉफ्ट ३६५च्या एक्सेलमध्ये सोय दिली: फाइल, ऑप्शन्स, डेटा, आणि तिथे ‘ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन’. सुरुवातीची शून्यं काढणे, मोठे आकडे कापणे, ‘१२ई५’सारख्या मालाच्या कोडचा बारा लाख करणे, आणि अक्षरं-अंक सलग आले तर त्यांची तारीख करणे, अशा चार खुणा. चारही काढा. मात्र शेवटची खूण महिन्याचं नाव आणि अंक जोडून लिहिले असतील तेव्हाचीच आहे. तिरकी रेघ असलेला आपला सातबारा तिच्या कक्षेत येत नाही, त्याला रकाना टेक्स्ट करणं हाच उपाय.

पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल (साध्या मजकुराची, स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) डबल-क्लिक करून कधीच उघडू नका. उघडतानाच शून्यं जातात, तारखा होतात, आणि वर सेव्ह दाबलं तर मूळ फाइलही गेली. त्याऐवजी रिकामं वर्कबुक उघडा, डेटा, फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, फाइल निवडा. पूर्वदृश्यात ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा, म्हणजे मराठी नावांची चित्रविचित्र चिन्हं होत नाहीत. ‘डेटा टाइप डिटेक्शन’मध्ये तपासणी न करण्याचा, यादीतला शेवटचा पर्याय घ्या. मग लोड. रकान्यांची नावं पहिल्या ओळीत साधा मजकूर म्हणून येतील, तेवढं सोसा.

एक्सेलमधली बाकीची लुडबुड किरकोळ आहे. ‘सुनी’ टाइप करताच वरच्या सेलमधली ‘सुनीता’ पुढे येते आणि घाईत एंटर दाबला की तीच बसते. हे थांबवायला ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, ‘एनेबल ऑटोकंप्लीट फॉर सेल व्हॅल्यूज’. हजेरीपत्रकं आणि लाभार्थी याद्या भरणाऱ्यांनी ही खूण काढलेलीच बरी. ईमेल पत्त्याची निळी लिंक झाली तर एक कंट्रोल-झेड, पत्ता राहतो, लिंक जाते.

लिबरऑफिस आणि गुगल डॉक्स

लिबरऑफिसमध्ये टूल्स मेनूत ऑटोकरेक्ट आहे. तिथेच ‘व्हाइल टायपिंग’ची खूण काढली की रायटरमधलं सगळं एका फटक्यात थांबतं. वेचून बंद करायचं तर ऑटोकरेक्ट ऑप्शन्स उघडा. ऑप्शन्स टॅबवर प्रत्येक नियमापुढे दोन चौकटी असतात, एम आणि टी. टी म्हणजे टाइप करताना, एम म्हणजे लिहिलेला मजकूर नंतर सुधारताना. तुम्हाला टीखालची खूण काढायची आहे. एंटर दाबल्यावर न लिहिलेला लांब शब्द मधेच घुसत असेल, तर तो ‘वर्ड कंप्लीशन’ टॅबवरून थांबवा. सीएसव्हीच्या बाबतीत लिबरऑफिस एक्सेलपेक्षा शहाणं आहे: फाइल उघडण्याआधी विचारतं. खालच्या नमुन्यात रकान्याच्या डोक्यावर क्लिक करून प्रकार ‘टेक्स्ट’ निवडायचा, झालं.

गुगल डॉक्समध्ये टूल्स, प्रेफरन्सेस. मोठी अक्षरं, गोल अवतरणचिन्हं, आपोआप याद्या, शुद्धलेखनाची आपोआप दुरुस्ती, सगळं एका खिडकीत, आणि दुसऱ्या टॅबवर बदलीच्या जोड्या. शीट्समध्ये रकाना निवडून फॉर्मॅट, नंबर, प्लेन टेक्स्ट. जीमेलचं ऑटोकरेक्ट वेगळं आहे, ते जीमेलच्याच सेटिंगमध्ये जनरल टॅबवर सापडेल.

यादी आपल्या कामाला लावायची तर

नको त्या ओळी काढल्यावर यादीत हव्या त्या घालताही येतात. मराठीसाठी एक मर्यादा आधी ध्यानात घ्या. यादी पूर्ण शब्दच जुळवते, प्रत्यय लागलेला शब्द तिला वेगळा वाटतो. ‘परिक्षा’ची ‘परीक्षा’ करायला सांगितलं तरी ‘परिक्षेत’ आणि ‘परिक्षेला’ तसेच राहतात. म्हणून रूपं न बदलणारे शब्द निवडा: ‘आणी’चं ‘आणि’, ‘परंतू’चं ‘परंतु’, ‘नाहि’चं ‘नाही’. कार्यालयाचं लांबलचक नाव लघुरूपावरून पूर्ण लिहून घ्यायचं तर लघुरूप असं ठेवा की जे एरवी शब्द म्हणून कधीच येणार नाही.

शब्दांच्या जोड्या भाषेनुसार वेगळ्या साठवल्या जातात. खिडकीच्या शीर्षपट्टीवर भाषेचं नाव दिसतं. तिथे मराठी असेल तेव्हाच मराठी जोड्या घाला, म्हणजे आधी मराठी कीबोर्ड चालू करून एखादा मराठी शब्द टाइप करा आणि कर्सर तिथे ठेवूनच खिडकी उघडा.

ही यादी दुसऱ्या संगणकावर नेता येते. वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमधल्या रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस या वाटेवर एसीएल प्रकारच्या फाइली असतात, नावात एमएसओ आणि भाषेचा क्रमांक. मराठीचा क्रमांक ११०२, भारतीय इंग्रजीचा १६३९३. दोन्ही संगणकांवर वर्ड, एक्सेल, आउटलुक सगळं बंद करा, समोरच्या संगणकावरच्या त्याच नावाच्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, आणि मग आपली फाइल तिथे चिकटवा. त्या माणसाने स्वतः घातलेल्या जोड्या या अदलाबदलीत जातात, म्हणून त्याला आधी विचारा.